खिळीविना होडी

ताई शिडाच्या होड्यांचे आराखडे काढायची आणि तिचा धाकटा भाऊ त्या शर्यतीत पळवायचा. तिची नवी होडी गाडीमागच्या ट्रेलरवर मावेल एवढी लहान होती. तिला तोलून धरणारं शिशाचं जड पातं तळातून पाण्यात सोडायचं आणि ट्रेलरवर चढवताना वर ओढून घ्यायचं. पाण्यात ते हलू नये म्हणून ताईने आडवी खीळ बसवली होती.

"ही खीळ दर वेळी अडकते गं, काढून टाक," भाऊ म्हणाला. "एवढं जड पातं आपोआप खालीच राहील की."

ताईने खूप हुज्जत घातली, पण शेंडेफळापुढे तिचं कधी चाललंच नव्हतं. तिने खीळ काढली.

पुढच्याच शर्यतीत वाऱ्याच्या तडाख्याने होडी पालथी झाली. पातं घसरून आत गेलं, त्यामुळे ती पुन्हा सुलटी झालीच नाही. भाऊ शिडाच्या दोरांत गुरफटून बुडाला.

लोकांनी ताईला बोल लावला नाही. आईने मात्र एकदाच विचारलं, "असं होऊ शकतं, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं," ताई म्हणाली.

त्यानंतर आई तिला वेळेवर जेवायला वाढायची, पण मान वर करायची नाही. ताई पुन्हा आराखडे काढायला बसली, कारण दुसरं काही तिला येत नव्हतं. खीळ नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना ती सरळ वाटेला लावायची. घरी तिच्याशी हुज्जत घालायला आता कुणीच नव्हतं.