वन्संना रानात दाखवलं तेव्हा

समस्त वाचकांना, आणि ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली आहेत त्यांना तर हात जोडून, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की झाडांची पानं गळतात. हसू नका. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या घरात एक मॅट्रिक, एक बी. ए. आणि एक शिक्षिका एवढी विद्वान मंडळी असूनही ती वेळेवर कुणाच्या लक्षात आली नाही. त्यापायी एका रविवारी आम्ही होऊ घातलेल्या व्याह्यांना भर उन्हात, उभ्या खराट्यांच्या मध्ये नेऊन बसवलं.

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन पुण्याहून डोंबिवलीला आले होते. स्वातंत्र्याची नवलाई अजून उतरली नव्हती आणि माझ्या संसाराचीही. डोंबिवली म्हणजे स्टेशनाभोवतीचा चाळींचा पुंजका. त्यापलीकडे भातखाचरं आणि खाचरांच्या पलीकडे, मानपाड्याच्या वाटेला, एक लहानसं रान. साग, ऐन, पळस, दोन-चार मोह, एक उंच काटेसावर, कडेनं करवंदीच्या जाळ्या आणि मधोमध एक आवळा. या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला ओ मिळेल, एवढंच. ते एका आगरी कुटुंबाचं होतं. शेजारची शेतंही त्यांचीच.

त्या आवळ्यापायी आमची आणि रानाची ओळख झाली. कार्तिकात आवळीभोजन करायचं, म्हणजे आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचं, हा सासूबाईंचा नेम. चाळीत आवळा कुठला? म्हणून सगळे डबे घेऊन तिथं गेलो. काय ते रान! सागाची पानं सुपाएवढी, ऐनाची गर्दी अशी की ऊन खाली उतरायला वाट शोधत होतं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. दिवसभर वकिलांची भाषणं ऐकायची आणि स्वतः एक शब्द बोलायचा नाही, अशी ती नोकरी. त्यामुळे साठलेलं सगळं वक्तृत्व घरी यायचं. पानावरची शेवटची जिलबी संपवून ते उभे राहिले आणि त्यांनी त्या सावलीवर असं भाषण केलं की सासूबाईंनी शेवटी त्यांच्या हातावर पाणी घातलं.

आता वन्संबद्दल सांगते. वन्सं म्हणजे माझी नणंद. यांच्याहून धाकटी, माझ्याहून थोरली. डोंबिवलीच्या शाळेत शिकवायच्या. चौथीच्या वर्गासमोर उभ्या राहिल्या की त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा, पण घरी पाहुणे बघायला आले की त्यांना पाटावर बसून खाली मान घालावी लागे. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत मुलाकडचे, आतल्या खोलीत आम्ही आणि गॅलरीत अख्खी चाळ. मुलाकडचं कुणीतरी विचारायचं, लग्नानंतर नोकरी सोडणार ना? वन्सं मान वर करेपर्यंत आमचे हे उत्तर देऊन मोकळे व्हायचे, सोडेल की, नोकरीचं काय एवढं. मग वन्सं आत येऊन पोह्यांची रिकामी कढई इतक्या जोरात घासायच्या की मला कढईची दया यायची.

एकदा विहिरीवर पाणी शेंदताना त्यांनी मला सांगून टाकलं. शाळा सोडायची नाही. आणि यापुढे जो कोण येईल त्याला हे त्या स्वतः विचारणार, एकट्याला, त्याच्या तोंडाकडे बघून. दादा मध्ये नको, त्याची आई मध्ये नको. तसं जमत नसेल तर पुन्हा पाटावर बसणार नाहीत, मग लग्न राहिलं तरी चालेल. रहाट धरून त्या हे ज्या तऱ्हेनं बोलल्या, त्यावरून त्या खरोखर बसणार नाहीत याची मला खात्री पटली.

मला त्यावर एक युक्ती सुचली. आणि युक्ती सुचली की ती यांची आहे असं यांना वाटायला लावणं, एवढं मी तोवर शिकले होते. ठाण्याहून, खोपटच्या बाजूचं एक स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी खात्यात जमिनीची मोजणी करणारा. मी जेवताना सहज म्हटलं, पाहुण्यांना या कोंदट खोलीत बसवायचं म्हणजे कसंसंच वाटतं नाही? कार्तिकात काय सुंदर सावली होती. झालं. दुसऱ्या दिवशी हे मध्यस्थाला सांगून आले की आमच्याकडे मुलगी दाखवायचा कार्यक्रम वनभोजनाचा असतो. जणू आमच्यात पिढीजात चाल होती. माझा बेत असा की जेवणं झाली की मी मंडळींना आवळा दाखवायला न्यायची, आणि वन्संनी मुलाला करवंदीच्या जाळीमागचा ओढा दाखवायचा. दाट रानात दहा पावलांवर माणूस दिसत नाही. तेवढ्यात प्रश्न विचारून होईल.

पण मुलाकडच्यांना पौष चालत नव्हता आणि माघात मुलगा मोजणीच्या फिरतीवर. होता होता होळीच्या अलीकडचा रविवार ठरला. मधल्या काळात रानाकडे आमच्यापैकी कुणी फिरकलं नाही. डोंबिवलीकरांची तोंडं कायम स्टेशनाकडे. आणि मी पेठेत वाढलेली. मला माहीत असलेली झाडं वड आणि आंबा, ती काही अशी दगा देत नाहीत.

त्या सकाळी बैलगाडीत सतरंज्या, पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड आणि सासूबाई असं सगळं चढवलं. मागच्या गाडीत पाहुणे. उंच, लाजरा, सारखा चष्मा पुसणारा मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. वडील ठाण्यालाच थांबले होते. त्यांची जागा मामा भरून काढत होते, नव्हे, सांडेपर्यंत भरत होते. गाडी वळणावर आली आणि सावलीचं वर्णन करत असलेले आमचे हे वाक्याच्या मध्येच थांबले. लग्नापासून हे मी प्रथमच पाहत होते.

रान होतं, पण त्याच्या अंगावर काही नव्हतं. सागाचे नुसते दांडे. ऐनांची तर फांद्यांसकट छाटणी झालेली, मुंज झालेल्या बटूंसारखे ते उभे. पळस आणि काटेसावर तेवढे लालभडक फुललेले, त्यांच्यावर मैनांचा बाजार भरलेला, पण फुलांची सावली ती किती पडणार? करवंदीच्या जाळ्या हिरव्या होत्या, पण कमरेएवढ्या; त्यांच्यावरून मागचा ओढा इथूनच दिसत होता. त्यात पाणी नव्हतं.

जिच्या कुटुंबाचं ते रान, ती आगरी काकी पाल्याचा भारा बांधत होती. यांनी तिला अगदी दुखावल्या आवाजात विचारलं की सावलीचं काय झालं. ती यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती काय, खाली परली हाय. उचला न न्या डोईवर." भाताचं रोप जिथं करायचं तिथं पाला-फांद्या पसरून उन्हाळ्यात जाळायच्या, त्याला राब म्हणतात, त्यासाठी ऐन दरवर्षी छाटतात, बाकीची झाडं आपली आपण गळतात, हे तिनं समजावून सांगितलं. आम्ही शिकलेली माणसं माना डोलवत होतो. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत ती पोह्यांची कढई मला स्पष्ट दिसली.

जेवणं झाली ती कशी, सांगते. त्यातल्या त्यात जाड असा एक मोहाचा बुंधा होता, त्याची सावली पट्टीसारखी लांब पडली होती. त्या पट्टीत सगळे एकामागे एक बसलो, देवळातल्या रांगेसारखे. ऊन सरकेल तशी रांग सरकायची. मामा सगळ्यांत पुढे होते. त्यांनी श्रीखंड चाटत तो नेहमीचा प्रश्न काढायला घसा खाकरला. हे उत्तराला तयारच होते. मी घाईनं यांच्या पानात चार पुऱ्या वाढल्या.

मुलाच्या आईंनी तोवर फारसं तोंड उघडलं नव्हतं. सागाच्या वाळक्या पानानं वारा घेत त्या चहूकडे बघत होत्या. इतक्यात त्या म्हणाल्या, जागा उघडी आहे हो अगदी, लांबवरचंसुद्धा दिसतं. बोलल्या त्या टोचूनच. पण मला तेवढं पुरे होतं.

"मग त्या दोघांना त्या पळसापर्यंत फिरून येऊ द्या की," मी म्हटलं. "इथून दिसतीलच."

आता नाही कसं म्हणणार? दिसत होतं हे त्यांनीच म्हटलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेवर पापड भाजला असता. पण तोवर वन्सं उठल्या होत्या, आणि तो मुलगा चष्मा पुसता पुसता त्यांच्या मागून निघाला होता.

आणि तिथं त्या पानगळीनं आमची बाजू घेतली. जमिनीवर घोट्याएवढा वाळका पाला. सागाच्या पानावर पाऊल पडलं की पापडांची चवड मोडल्यासारखा आवाज. ती दोघं पळसाखाली पोचली, थांबली. ओठ हललेले दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. मामा म्हणाले, जरा पाय मोकळे करून येतो. निघाले. कर्र, कुर्र, खाड. पळसाखालची दोघं बोलायची थांबून अदबीनं त्यांच्याकडे वळून उभी राहिली. मामांनी आकाशाकडे पाहिलं, एका मैनेची चौकशी केल्यासारखं केलं आणि परत आले. मग सासूबाई चपला काढून, पदर खोचून, पाऊल जपून टाकत निघाल्या. त्यांचा आवाज मामांपेक्षा बारीक आला, एवढाच फरक. आमचे हे झाडाआडून जायला गेले. पण त्यांचा आकार पाहता, दोन्ही बाजूंनी ते झाडाबाहेर उरत होते.

शेवटी सगळे पट्टीत बसून लांबूनच अर्थ लावू लागले. वन्संनी मान हलवली. मामा म्हणाले, नकार. मुलानं चष्मा काढला. सासूबाई म्हणाल्या, रडतोय की काय. वन्संनी त्याच्या तोंडाकडे सरळ बघून काहीतरी विचारलं, हे मात्र मी ओळखलं, कारण त्यांचा उजवा हात खडू धरल्यासारखा वर गेला होता. मुलगा हातातला चष्मा पुसत राहिला. मग तो हसला, आणि वन्संसुद्धा हसल्या, अशा की तो आवाज तेवढा पाल्यावरून आमच्यापर्यंत आला.

दोघं परत आली. मुलानं चष्मा घातला, आणि आईसमोर उभं राहून हळू, अडखळत, वन्संकडे हात करत सांगितलं की यांना लग्नानंतरही शाळा चालू ठेवायची आहे, त्यांनी तसं विचारलं, आणि मी हो म्हटलंय. हेही म्हणाला की घरी हे आपण स्वतः सांगू, असा शब्द त्यानं पळसाखाली दिला होता, म्हणून तो आत्ताच सांगून टाकतोय.

आमचे हे सवयीनं, सोडेल की, एवढं बोलले आणि मी पायावर पाय दिल्यावर थांबले. मामा मात्र लाल झाले. मुलीनं मुलाला प्रश्न विचारायचे ही कुठली रीत, आम्ही मुलगी बघायला आलो की मुलगा दाखवायला, असं त्यांनी चांगलं खडसावून विचारलं. वन्संनी मान खाली घातली नाही. त्या मुलाच्या आईंकडे बघत राहिल्या. सगळं तिथंच अडलं होतं.

आईंच्या हातातलं सागाचं पान थांबलं. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा वन्संकडे, आणि मग भावाकडे वळून, सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलून गेल्या:

"विचारू दे रे तिला! मलाही तुझ्या भावोजींना पुष्कळ विचारायचं होतं, पण मेलं त्यांचं तोंडच मला अंतरपाट धरणाऱ्यांनी तो बाजूला केल्यावर दिसलं!"