तीन मेकॅनिक आणि मागच्या भिंतीचा झाप

आमचा एसी दुरुस्त करायला तीन मेकॅनिक येऊन गेले. तिघांपैकी एकालाही मी दिसले नाही, म्हणून तो दुरुस्त झाला नाही.

हे वाचून कोणालाही वाटेल, बाईचं डोकं फिरलं. (वाचणारं कोणी नाही म्हणा, मी हे माझ्यापुरतंच लिहितेय.) पण गोष्ट खरी आहे.

माझे धाकटे दीर, प्रकाशभावोजी, आखातात नोकरीला. त्या वर्षी शिमग्याला रजेवर आले ते खिडकीत बसवायचा एसी घेऊनच. आमच्या रत्नागिरीच्या आळीत तो पहिलाच. माजघराशेजारच्या खोलीला त्यांनी खास प्लायवूडचं छत करून घेतलं, नाहीतर सगळा गारवा कौलांकडे जाऊन माळ्यावरच्या मांजराला मिळाला असता. एसीचं तोंड खोलीत आणि पाठ मागच्या अंगणात, न्हाणीच्या बाजूला. सासूबाई पहिल्या दिवशी त्याच्यासमोर शाल पांघरून बसल्या आणि म्हणाल्या, "कशाला आणलास रे, थंडी वाजते." पण उठल्या नाहीत.

मग भावोजींचं लग्न ठरू लागलं. मुलगी सावर्ड्याची, वडिलांचं बाजारपेठेत किराणा दुकान. मुलगी यांना पसंत, तिला हे पसंत. फक्त तिच्या वडिलांनी एकच विचारलं, "तुम्ही जाणार परत आखातात. आमची पोर इथे उकाड्यात कशी राहील?"

भावोजी ऐटीत म्हणाले, "एसीत राहील."

झालं. वडील म्हणाले, "मग मे महिन्यात घर बघायला येतो. एसी पण बघतो." भावोजींचा सगळा शब्द त्या मशीनवर येऊन टेकला.

आणि पाहुणे यायच्या आठवड्यात मशीन रुसलं. सुरू केलं की जरा वेळ गार, मग कोमट, मग आतून घुर्र करून गप्प.

पहिला मेकॅनिक आला तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातला. सासूबाईंनी विचारलं, "घेणार किती?"

"बघायचे वेगळे, करायचे वेगळे," तो म्हणाला.

"बघायचे पण पैसे? आमच्याकडे पाहुणा बघून जातो तर आम्ही त्याला पोहे देतो."

"पोहे पण चालतील, आजी. पैशांबरोबर."

आमच्या सासूबाई कुठलाही खर्च आंब्याच्या पेटीत मोजतात. त्यांच्या हिशेबाने नुसतं बघण्यात एक पेटी गेली. मग त्याने एसीचं तोंड उघडलं, कान लावला आणि म्हणाला, "गॅस कमी आहे." गॅस भरला. आणखी चार पेट्या. तो बंदरावर पोचायच्या आत मशीन पुन्हा घुर्र करून गप्प.

आता मी कुठे होते ते सांगते. मी मागच्या दारी होते. परका पुरुष घरात आला की माझे पाय आपोआप मागच्या दाराकडे जातात, लग्न झाल्यापासूनची सवय. न्हाणीशेजारी कपडे धुवायचा चिरा आहे, त्यावर जाऊन बसायचं. बर्फवाल्याने विचारलंही होतं, "मागून जरा बघू काय?" सासूबाई म्हणाल्या, "मागे नको. मागे सून आहे. लाजाळू आहे ती." तो बिचारा पुढूनच परतला.

दुसरा आला रेडिओ-पंखे दुरुस्त करणारा. त्याने भिंतीतल्या प्लगला हात लावला आणि मान हलवली. "व्होल्टेज. इथली वीज म्हणजे आजारी माणसाची नाडी. स्टॅबिलायझर लावा."

आमचे हे म्हणाले, "हा डबा लावला की नक्की चालेल?"

"डबा नक्की चालेल," तो म्हणाला.

डबा खरंच चालला. त्याचा लाल दिवा छान लागत होता. एसी बंद.

त्याच्याही वेळी मी त्या चिऱ्यावर. डोक्यावर गरम वाफारा यायचा, अंग नुसतं भाजून निघायचं. मला वाटलं, ही आपली लाज. परक्या माणसाचा आवाज ऐकला की एवढं तापायचं म्हणजे हद्द झाली. आपण या वयात जरा सुधारायला हवं, असंही मनात आलं. मी पदराने वारा घेत तशीच बसून राहिले.

तिसरा म्हणजे लोट्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत थंड पाण्याची मशिनं सांभाळणारा, भावोजींच्या मित्राचा मित्र. पाळी सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच आला. भावोजींना वाटलं, हा खरा जाणकार. तो म्हणाला, "मागची बाजू बघायला लागेल." सासूबाई म्हणाल्या, "मागे सून आहे." तो म्हणाला, "मग पुढून सांगतो. कॉम्प्रेसर गेला."

"किती लागतील?"

त्याने सांगितलेला आकडा ऐकून सासूबाईंनी पेट्या मोजायचं सोडून दिलं. "अरे, हे तर दारचं कलमच मुळासकट गेलं."

भावोजी डोकं धरून बसले. "वहिनी, आता सावर्डेकरांना काय तोंड दाखवू?" मी दाराआडून म्हटलं, "भावोजी, पंखा आहे ना." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत मागे जाऊन बसले.

रविवारी पाहुणे आले. मुलीचे वडील, आई आणि वडिलांची बहीण, म्हणजे मुलीची आत्या, तिची घरची काजूची भट्टी. आत्या जाडजूड, आवाज पार बंदरापर्यंत जाईल असा. भावोजींनी वडिलांना एसीच्या खोलीत बसवलं, मशीन सुरू केलं आणि देवाचं नाव घेतलं. सरबत संपेपर्यंत गार. मग कोमट. वडील रुमालाने मान पुसत म्हणाले, "एसी चालू आहे ना?"

"चालू आहे," भावोजी म्हणाले. "हळूहळू चढतो तो."

"मलाही हळूहळूच चढतंय," वडील म्हणाले. आणि त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं.

इकडे आत्याबाईंना हातपाय धुवायचे होते. बाईमाणूस, तिला मागे जायला कोण अडवणार? त्या न्हाणीकडे आल्या. मी चिऱ्यावरून उठले. त्यांनी पाय धुतले, मान वर केली आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

"बाय गो, हे काय बांधलंस?"

मी हळूच म्हटलं, "पावसाची तयारी. मशीन भिजू नये म्हणून."

पावसाच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधायचे, हे काम आमच्याकडे माझं. त्या वर्षी मला एसीची दया आली. एवढं महागाचं मशीन, अर्धं अंग बाहेर. म्हणून मी त्याला दुहेरी झाप घातला, वरून खताची प्लास्टिकची गोणी, आणि सुंभाने असं करकचून आवळलं की कुठून थेंब जाणार नाही. भावोजी बघून म्हणाले होते, "वा वहिनी, पक्कं काम." आमच्या ह्यांनीही ओढून बघितलं होतं.

आत्याबाईंनी झापाखाली हात घातला आणि झटकन काढला. "अगो, चुलीवरच्या तव्यासारखं तापलंय. आमच्या भट्टीचं धुराडं कोणी असं बांधून ठेवलं तर भट्टी पेटेल काय? सोड ते."

माझी गाठ मलाच सुटेना. शेवटी आत्याबाईंनी कोयता मागितला. सुंभ तोडलं, झाप खाली आला आणि आतून एवढी गरम हवा बाहेर पडली की शेजारचा सुकत घातलेला टॉवेल उडाला. तेव्हा मला कळलं की इतके दिवस चिऱ्यावर मला तापवत होती ती माझी लाज नव्हती.

आम्ही माजघरापर्यंत येतोय तोवर मुलीच्या वडिलांनी बटण परत लावलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी टोपी घातली. मग त्यांनी अंग चोरलं आणि विचारलं, "शाल आहे काय हो?" भावोजी धावतच शाल आणायला गेले.

मला वाटलं, आत्याबाई गप्प राहतील. त्या दारातूनच ओरडल्या, "दादा, मशीन बरं आहे. तुझ्या पोरीच्या जावेने त्याला पावसाळी बांधून ठेवलं होतं."

मी खांबाआड. मग वडील हसायला लागले, ते शाल गळून पडेपर्यंत. म्हणाले, "ठरलं. घरात यंत्राची सुद्धा पावसापासून काळजी घेतात, तिथे पोरीची घेतीलच. फक्त तिला बांधू नका."

लग्न झालं. सासूबाई अजून नव्या सुनेला सांगतात, "तुझ्या जावेची लाज आपल्याला त्या वर्षीच्या अर्ध्या बागेला पडली." पण कोणी मला विचारलंच (विचारत नाही कोणी), तर मी सांगेन: मेकॅनिकला बोलावण्याआधी यायचे किती ते विचारावं, आणि त्याच्याही आधी एसीच्या मागे जाऊन बघावं.

आता मेकॅनिक आला की सासूबाई मला ओटीवरच बसवतात. "तू पुढे बस, म्हणजे माणसाला मागे जाता येईल." मी बसते. पदर डोक्यावरून असा खाली ओढून घेते की नाकसुद्धा दिसत नाही. प्रकाशभावोजी म्हणतात, "वहिनींनी या खेपेला झाप स्वतःलाच बांधलाय."

आणि खरं सांगायचं तर आत फार गरम होतं.