बाईंच्या आईची फ्लॉपी

नाते गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई महिनाभर एसटीने महाडला माझ्या दुकानात येत होत्या. दारातूनच विचारायच्या, "आज?" मी नाही म्हणून मान हलवायचो.

मूळ गोष्ट जुनी, मी टायपिंग-छपाईचं दुकान नवीन काढलं होतं तेव्हाची. बाईंची आई गावात झाडपाल्याचं औषध द्यायची. ती बोलेल तसं बाईंनी वहीत उतरवलं आणि पुस्तिका करायला माझ्याकडे आणलं. मी टाइप केलं, पण छापायचं राहून गेलं. नंतर आई गेली, वही पुरात गेली. उरली माझ्याकडची ही एक फ्लॉपी, तीही बुरशी आलेली.

भंगारातून दोन जुने ड्राइव्ह आणले. फ्लॉपी सोलून आतली चकती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, दुसऱ्या धड फ्लॉपीच्या कवचात बसवली. ड्राइव्ह कर्रकर्र करायचा आणि एरर दाखवून गप्प व्हायचा. परत सोला, परत पुसा. सुरुवातीला मी तोंडाला रुमाल बांधून गिऱ्हाइकांना सांगायचो, "हळू बोला, पेशंट टेबलावर आहे." तिसऱ्या आठवड्यात त्या नाटकाचाही कंटाळा आला. पाठ तेवढी दुखत राहिली.

एका दुपारी फाइल उतरली. जुना फॉन्ट टाकल्यावर अक्षरंही लागली. बाई खुर्ची ओढून वाचायला बसल्या. अडुळसा, निरगुडी, पानफुटी, सगळं ओळीने. शेवटापर्यंत गेल्या, परत वर आल्या.

"यात आई कुठाय?"

"म्हणजे?"

"औषधं मोबाइलवर ढिगाने मिळतात रे. मधेमधे ती बोलायची ते कुठाय? कुणाला दिलं, कोण कसं वागलं?"

मला तेव्हा आठवलं. "ते मी गाळलं, बाई. सोळा पानांत बसत नव्हतं. आणि गावातल्या चुगल्या कशाला छापायच्या, असं वाटलं."

"मला विचारलंस?"

"नाही."

"तेव्हापासूनच शहाणा," म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसत बसल्या. महिन्याचा शीण दोघांच्याही तोंडावर एकदमच दिसायला लागला असावा.

"एक आठवतंय," मी म्हटलं. "टाइप करताना हसलो होतो." उठलो, कमरेवर हात ठेवला, आवाज बारीक केला. "निरगुडी चोळली गो त्याच्या पायाला, तर मेला एवढा बोंबलला का शेजारची म्हैस दूध चोरून बसली. औषधाची गरज म्हशीला व्हती."

बाई हसल्या नाहीत. "कमरेवर हात नाय ठेवायची ती," म्हणाल्या. "टाइप कर."

केलं.

"पुढचं?"

शेवटच्या एसटीपर्यंत आणखी दोन किस्से आठवले, त्यातला एक अर्धाच. शेवट काय असेल ते मला सुचत होतं, बोटं कीबोर्डवर होतीच. बाईंनी माझा हात बाजूला केला.

"अर्धाच राहू दे," म्हणाल्या. "तुझं काही घालू नकोस आता."