बारा कोर, आठ कोर आणि एक कूलर

माझ्या सासऱ्यांना जावई दोनच आहेत आणि दोघांनाही कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही.

पण हे सासुरवाडीत कोणी मानायला तयार नाही. मी मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या आयटी वसाहतीत, नोकरीला आहे आणि मिहानमध्ये नोकरी म्हणजे माणूस कॉम्प्युटरवालाच, असं तिथं पक्कं ठरलेलं. (मी भांडारात आहे. खुर्च्या, पंखे आणि फिनेल यांच्यावर माझी सत्ता चालते.) माझे साडू अशोकभाऊ मौद्याला वीजप्रकल्पात आहेत. त्यामुळे जगात ज्या ज्या वस्तूला वायर आहे, ती आपल्या अधिकारात येते, असं त्यांचं स्वतःचं मत.

मागच्या मे महिन्यात मामाजी आणि मामींच्या, म्हणजे आमच्या सासू-सासऱ्यांच्या, लग्नाला पन्नास वर्षं झाली. हॉल घेतला, जेवण ठरलं आणि जुन्या फोटोंची एक छान फिल्म दाखवायची असंही ठरलं. "फिल्म सुधीरभाऊ बनवतील, ते मिहानमध्ये आहेत," असं कोणीतरी म्हणालं आणि मी फिनेलचा विचार बाजूला ठेवून मान डोलावली.

त्यासाठी मी नवा लॅपटॉप घेतला. त्याच आठवड्यात अशोकभाऊंनीही घेतला. माझा एका कंपनीच्या प्रोसेसरचा, त्यांचा दुसरीच्या. इथून घात झाला!

"किती कोर आहेत भाऊ तुमच्यात?" सासुरवाडीच्या ओसरीवर अशोकभाऊंनी चहा फुंकत विचारलं.

"बारा," मी छाती काढून म्हणालो.

"माह्यात आठ. पण आठही पुरे. तुमच्या बारातले चारच मोठे हायेत, बाकीचे आठ बारके. नेटवर पाहून आलो मी."

घरी येऊन पाहिलं तर खरंच तसं होतं. मी ते बायकोला, प्रज्ञाला, समजावून सांगितलं. मोठे कोर जड काम करतात, बारके कोर हलकं काम करून बॅटरी वाचवतात वगैरे.

"म्हणजे चार जण राबते अन् आठ जण पाहत बसते?" ती म्हणाली. "हे तं तुमचं ऑफिसच झालं!"

पुढच्या भेटीला मी तयारीनं गेलो. "माझा चार पूर्णांक आठ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो, अशोकभाऊ."

"कितीक वेळ पळते ते सांगा ना! पंचेचाळीस वॅट खाते तो. माहा अठ्ठावीस वॅटमध्ये भागवते. वॅटचं मले नका सांगू, मी दिवसभर मेगावॅटमध्ये राहतो."

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. "कॅशे मेमरी किती आहे तुमच्याकडे? माझ्याकडे चोवीस एमबी आहे."

"सोळा. पण पुरते."

"अवो, घरात कॅश नका ठेवू बाप्पा," आतून मामी ओरडल्या. "चोऱ्या होऊन राहिल्या!"

शेवटी ठरलं की तोंडाच्या वाफा पुरे, शर्यतच लावायची. फिल्मची जुळणी मी आधीच करून ठेवली होती. आता ती पक्की करून बाहेर काढायची होती. याला एक्स्पोर्ट म्हणतात. (मला वाटायचं, ते फक्त काटोलच्या संत्र्यांचं होतं.) तीच जुळणी दोन्ही लॅपटॉपवर घालायची, एकाच वेळी बटण दाबायचं आणि ज्याची फिल्म आधी निघेल त्याचा प्रोसेसर श्रेष्ठ! कार्यक्रम संध्याकाळी, शर्यत त्याच दिवशी दुपारी, आमच्या नारी रोडच्या घरी.

"काल का नाही केलं हे?" प्रज्ञानं विचारलं.

"काल अशोकभाऊंची ड्यूटी होती."

"मंग आपलं काम करून मोकळं व्हायचं होतं ना तुम्ही!"

"एकट्यानं धावलं तर ती शर्यत कशी होईल?" मी म्हणालो. प्रज्ञा स्वयंपाकघरात निघून गेली. भांडी जोरात वाजली.

बटणं दाबली. माझा लॅपटॉप सुसाट निघाला. वीस टक्के, तीस टक्के, चाळीस! अशोकभाऊंचा पंचविसावर. मी त्यांना चिवड्याची बशी सरकवली आणि फार मोठ्या मनानं म्हणालो, "घ्या हो."

पण नागपूरची मे महिन्यातली दुपार! साठ टक्क्यांवर माझ्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंघावू लागला आणि वेग गडगडला. चार पूर्णांक आठवरून थेट दोनच्याही खाली. एकसष्ट टक्क्यांवर तो असा अडकला, जणू रेशनच्या रांगेत उभा आहे.

"तापला!" अशोकभाऊ आनंदानं टाळी वाजवत म्हणाले. "मी म्हणलं होतं ना? जास्त खाणारा लवकर दमते!"

मी उठलो आणि चाकांवरचा कूलर ओढून आणून लॅपटॉपसमोर उभा केला.

"हे काहून? बाहेरची मदत चालत नाही!"

"कूलर घरचा आहे," मी म्हणालो.

"मंग वारा दोघाईले पाहिजे!" असं म्हणून त्यांनी कूलरचं तोंड स्वतःकडे फिरवलं. मी माझ्याकडे. त्यांनी पुन्हा त्यांच्याकडे. दोन पोक्त वयाची माणसं एक कूलर गोल गोल फिरवत होती आणि मधोमध उभ्या शेजारच्या काकू, ज्या फक्त विरजण मागायला आल्या होत्या, त्या विरजण न घेताच परत गेल्या.

तेवढ्यात प्रज्ञानं चटणीसाठी मिक्सर लावला. आधीच आतल्या खोलीत एसी चालू, माझ्या शर्टासाठी इस्त्री तापत ठेवलेली, इकडे कूलर आणि दोन चार्जर. फट्! घरातली सगळी वीज गेली.

अशोकभाऊंचा लॅपटॉप बॅटरीवर आला. ही बॅटरी त्यांनी चार्जच केलेली नव्हती. "अठ्ठावीस वॅटले काय लागते चार्जिंग!" हे त्यांचं सकाळचं वाक्य. ब्याऐंशी टक्क्यांवर पडदा काळा झाला आणि अशोकभाऊंचा चेहराही.

माझा मात्र भरलेल्या बॅटरीवर रांगत रांगत पुढं जात होता. नव्वद, पंचाण्णव, अठ्ठ्याण्णव... आणि शंभर! फिल्म तयार! त्या आनंदात मी स्टुलावर चढलो आणि पडलेला एमसीबीचा खटका वर केला.

मधल्या ओढाताणीत कूलरची सगळी बटणं फुल झाली होती, पंपासकट. आणि कूलरला आदल्या दिवशीच मी नव्या ताट्या, म्हणजे गवताच्या जाळ्या, बसवल्या होत्या. नागपूरकराला पुढचं सांगायला नको; बाकीच्यांसाठी सांगतो, नव्या ताट्या पहिले दोन दिवस पाणी बाहेर उडवतात. वीज येताच कूलरनं एक मोठी शिंक दिली आणि टाकीतलं पाणी फवाऱ्यासारखं थेट माझ्या कीबोर्डवर!

"पुसा! पुसा!" अशोकभाऊ माझ्या इस्त्रीच्या शर्टानंच पुसू लागले.

"तांदळात ठेवतात म्हणे," मी रडवेल्या आवाजात म्हणालो.

"ते तांदूळ मसालेभाताचे आहेत," प्रज्ञा दारातून म्हणाली. "हात लावून पाहा!"

पण लॅपटॉप चालू होता! फिल्म दिसत होती! प्रज्ञा म्हणाली, "अहो, पेनड्राईव्हवर घेऊन ठेवा एकदा." मी नाही म्हणालो. पेनड्राईव्हवरून फिल्म दाखवली, तर ती कोणत्या प्रोसेसरनं काढली हे हॉलमध्ये कोणाला कळणार?

संध्याकाळी हॉल भरला. बुद्धवंदना झाली, हार झाले आणि दिवे मंद करून मी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. सुरुवात सुंदर झाली. तरुण मामाजी सायकलला टेकून उभे. मग लग्नातली मामी, खाली पाहणारी. मग अशोकभाऊंची करुणा आणि माझी प्रज्ञा, दोन रिबिनी बांधलेल्या. मग आम्ही दोघं जावई, सुटाबुटात. मग नातवंडं. सगळे "अरे वा!" म्हणत होते. मी अशोकभाऊंकडे पाहून हसलो.

तेवढ्यात आत मुरलेल्या पाण्यानं आपलं काम केलं आणि कीबोर्डवरचं मागे जायचं बटण आपोआप दाबलं गेलं.

फिल्म उलटी धावू लागली. नातवंडं भराभर लहान होत गेली आणि नाहीशी झाली. मी इतर बटणं बडवली, आवाज तेवढा वाढला. मग पडद्यावरून आधी मी गायब झालो, पाठोपाठ अशोकभाऊ.

"हं, इथंच थांबवा गा!" मागून मामाजींचा कोणीतरी दोस्त ओरडला. सगळा हॉल खदखदून हसला.

पण थांबवणार कोण? प्रज्ञा आणि करुणा गेल्या. लग्न गेलं. मामी गेल्या. पडद्यावर राहिले एकटे तरुण मामाजी आणि त्यांची सायकल. आणि तिथं लॅपटॉपनं फुस्स केलं, प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि सगळीकडे अंधार झाला.

मला जमिनीत जावंसं वाटत होतं. त्या अंधारात मामींचा आवाज आला, "अवो, मी कुठं गेली?"

"कुठं जाशीन?" मामाजी म्हणाले. "माह्या बाजूले तं बसून राहिली पन्नास वर्षांपासून. हात दे इकडं."

दिवे लागले तेव्हा मामींनी पदर तोंडाला लावला होता आणि मामाजींनी त्यांचा हात सोडला नव्हता. हॉलमध्ये टाळ्या अशा पडल्या की मला क्षणभर वाटलं, हे सगळं मीच ठरवून केलं. तसं मी दोन-तीन पाहुण्यांना सांगूनही टाकलं, पण तेव्हा प्रज्ञा मागेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप उघडून पाहिला. "कीबोर्ड गेला, स्क्रीन गेली, बोर्ड गेला. प्रोसेसर तेवढा वरून बरा दिसून राहिला, साहेब."

मी दुकानातूनच फोन लावला. "अशोकभाऊ! बाकी सगळं मेलं, पण माझा प्रोसेसर शाबूत आहे!"

"माहा आपोआप बंद नाही पडला," अशोकभाऊ म्हणाले. "तुमच्या घरच्या विजेनं पाडला. त्याले हारणं नाही म्हणत!" आणि पुढचा पाऊण तास आम्ही त्यावर वाद घातला.

आता सासुरवाडीत कोणालाही लॅपटॉप घ्यायचा असला, की आधी आम्हा दोघा जावयांना आवर्जून विचारतात. मी एक सांगतो, अशोकभाऊ दुसरा सांगतात. मग ते दोन्ही सोडून तिसराच घेतात, आणि अजून एकालाही पस्तावा झालेला नाही!