बडग्याचं मुंडकं

तांडापेठेतल्या पंचफुला धकातेनं आयुष्यात पहिल्यांदा एकटीच्या हिमतीवर बडग्या केला, आणि तो बोकडांनी खाल्ला. डोकं गेलं, डावा हात गेला, पोट अर्धं उरलं. गल्लीनं वर्षभर ती गोष्ट चघळली. किराणावाल्याकडं गेली की तो विचारायचा, "काय ताई, यंदा बोकडांसाठी काय बेत?" पंचफुला साखर घ्यायची, पैसे द्यायची आणि त्याच्याकडं असं बघायची की पुढचं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकायचं.

बडग्या म्हणजे काय हे नागपुरात सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगून टाकू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं मारबतीची, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते आणि तिच्या मागोमाग गल्लोगल्लीचे बडगे. बांबूचा सांगाडा, त्यावर कागदाची कातडी, वरून रंग. वर्षभर ज्यानं जीव नकोसा केला त्याचा हा पुतळा. कधी महागाई, कधी डास, कधी कुठला घोटाळा. त्याला रस्त्यानं मिरवायचं, पोटभर शिव्या घालायच्या, सगळी इडापिडा घेऊन जा म्हणून ओरडायचं आणि शेवटी जाळून मोकळं व्हायचं. जी वस्तू जाळायचीच आहे तिच्यापायी एवढं मरायचं कशाला, असं तिला निम्म्या गल्लीनं विचारून झालं होतं. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "जेवण बी संपतेच ना. मंग भाजीत मीठ काहून घालता?"

पंचफुला उमरेडची. वडील धोंडबा हातमागावर विणायचे आणि सुताला खळ लावायचं काम लहानपणापासून तिच्याकडं. लग्न होऊन नागपूरला आली तेव्हा गल्लीच्या मंडळानं तिचं हे कसब लगेच हेरलं. बडग्यासाठी खळ शिजवायला पंचफुलावहिनी. कागद भिजवायला पंचफुलावहिनी. चेहरा करायची वेळ आली की मात्र बाप्ये पुढं, आणि वहिनी, चहा टाका. आणि चेहरे काय करायचे? दरवर्षी तोच मिशी लावलेला भोपळा. महागाई असो का मलेरिया, तोंड एकच. खाली पाटी लावल्याशिवाय कोणाला कळायचं नाही हा कोण आहे ते. पंचफुलाला त्या पाट्यांचा मनापासून राग यायचा. तिला असा बडग्या करायचा होता की चौकात शिरल्याबरोबर लोकांनी बोट दाखवून म्हणावं, अरे, हा तर तोच. पाटी नको, काही नको. तो अख्खाच्या अख्खा मिरवून जळाला पाहिजे. बाईला दुसरं काही नको होतं. साड्यांना फॉल लावता लावता ती समोरून जाणाऱ्यांची नाकं बघायची, हनुवट्या बघायची. नवरा मधुकरराव म्हणायचे, "पंचफुला, लोकांकडे अशी टक लावून पाहू नको वं, भांडणं होतीन."

बोकडांचं प्रकरण झालं ते तिच्या माहेरच्या सवयीमुळं. मंडळातले लोक खळीत वरून मोरचूद टाकायचे, कीड लागू नये, जनावरानं तोंड लावू नये म्हणून. पण विणकराच्या घरात खळीत असलं विष कोण घालेल? ते कापड अंगावर घालायचं असतं. एकटीनं करायला बसली तेव्हा तिच्या हातानं बापाच्या घरची खळ शिजवली, ज्वारीच्या पिठाची, वर थोडं तेल. असला मेवा अंगणात उभा केल्यावर बोकडांनी काय उपास धरावा? त्यांचा काहीच दोष नव्हता.

पुढच्या वर्षी मोरचूद पडला आणि पाऊसही पडला. बडग्या चौकापर्यंत गेला आणि तिथं त्याचा चेहरा छातीवर उतरला. नुसता बांबू उभा राहिला. लोक पोट धरून हसले. पंचफुला घरी आली, पदरानं डोकं पुसलं आणि भिंतीकडं तोंड करून रडली. रडून झाल्यावर तिनं मधुकररावांना विचारलं, की कागदावरून मेण फिरवलं तर पाणी आत जाईल का? मधुकररावांनी कपाळावर हात मारला. त्यानंतरच्या वर्षी मंडळानंच सांगून टाकलं की वहिनी, राहू द्या, गल्लीची इज्जत जाते. त्या वर्षी ती रस्त्याच्या कडेला उभी राहून दुसऱ्यांचे भोपळे बघत होती. तेव्हा आतून जे जळत होतं ते काही केल्या विझेना.

आणि यंदा तिला विषय शोधावाच लागला नाही. तो रोज गल्लीतून फिरत होता.

मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी. त्यांना नगरसेवक व्हायचं आहे. पांढरा कुर्ता, टाळक्यावर चढवलेला काळा गॉगल, हनुवटीवर मोठा मस. गल्लीतला रस्ता सिमेंटचा करतो म्हणून त्यांनी नाली खोदायला लावली. नारळ फोडला, कुदळ मारली, फोटो काढले. नाली तशीच उघडी राहिली. पुढं कोणी पाहुणा आला की पुन्हा त्याच जागी नारळ, पुन्हा कुदळ, पुन्हा फोटो. त्या नालीत मधुकरराव सायकलसकट पडले आणि पायाला प्लास्टर घालून घरात बसले. भैय्याजी भेटायला आले, प्लास्टरसोबत एक फोटो काढून गेले. पंचफुलानं त्यांना चहा दिला आणि समोर बसून त्यांचा चेहरा नीट बघून घेतला.

मेणाचा प्रयोग साधला होता. सांगाडा तिनं घरच्या टिनाच्या छपराखाली उभा केला: एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात नारळ, पोट पुढं. मुंडकं वेगळं केलं. पोळ्याच्या आधी पावसाची झड लागली. हवेत ओल इतकी की कागद सुकेना. मंडळाची खोली भैय्याजींच्या घराला लागून, आणि तिथं मोठा पंखा; खळ शिजवायला तिचं तिथं येणं-जाणं होतंच. मागची फजिती डोक्यात होती, म्हणून तिनं मुंडकं त्या पंख्याखाली नेऊन ठेवलं. आता वाघाचं चित्र कोणी वाघाच्या गुहेत सुकवायला ठेवतं का? पण पंचफुलाला तेव्हा फक्त कागद दिसत होता.

रंग चढला त्या दिवशी भैय्याजी खोलीत आले. बराच वेळ बघत राहिले.

"वहिनी, हा मी आहे का?"

"तुमाले वाटून राहिलं का तसं?"

"मस कशाले टाकला मग?"

"म्हणजे ओळखू आला. जमला मंग," पंचफुला म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तिला तो लपवता आला नाही.

भैय्याजी गोड हसले. चेहरा बदला म्हणाले. मिशी लावा, मस काढा, खाली महागाई अशी पाटी लावा, मंडळाची गाडी देतो, ढोल देतो, मिरवणुकीत पुढं जागा देतो. नाही तर मंडळाचा आणि तुमचा संबंध नाही. पंचफुला म्हणाली, "भैय्याजी, इतके वर्ष खळ शिजवली मी तुमची. आता तोंड बी मीच करीन, अन् जसं दिसते तसं करीन. आवडत नसन तर नाली बुजवा. पुढच्या वर्षी दुसऱ्याचं करीन."

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मिरवणुकीच्याच, सकाळी ती मुंडकं आणायला गेली तर खोलीला कुलूप. भैय्याजी चावी घेऊन कोराडीला देवीच्या दर्शनाला गेलेले, फोन बंद. तिनं दार वाजवलं, खिडकीतून पाहिलं. आत पंखा बंद होता आणि तिचं मुंडकं टेबलावर भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं होतं.  बोकड मुकं जनावर, पाऊस वरून येतो, त्यांच्यावर काय रागवायचं. पण हा माणूस समजून उमजून करून गेला होता.

मधुकरराव कुबडी टेकत बाहेर आले. "माठ लावू ना वं. डोळे, नाक रंगवून देतो मी."

"माठाले लोक माठच म्हणतीन."

"मंग राहू दे यंदा."

हे 'राहू दे' तिनं बोकडांच्या वर्षी ऐकलं होतं, पावसाच्या वर्षी ऐकलं होतं. ती नवऱ्याकडं वळली आणि म्हणाली, "नाही राहत. असाच नेतो." शेजारच्या कवडूचा केळीचा ठेला मागितला. कवडूची म्हातारी आई त्याच नालीत पडता पडता वाचली होती, त्यानं केळी उतरवून ठेला पुढ्यात आणून लावला. बिनमुंडक्याचा बडग्या त्यावर उभा राहिला. पांढरा कुर्ता, कुदळ, नारळ आणि मानेच्या जागी बांबूचं टोक. मधुकरराव ठेल्याच्या कडेवर पाय लांब करून बसले.

मिरवणुकीच्या अगदी शेपटाला ते घुसले. ना ढोल, ना झेंडा. पंचफुलाचं तोंड शरमेनं लाल झालेलं. तिला वाटलं, आता तिसऱ्यांदा हसणार हे लोक. आणि लोक हसलेच. इतवारीत एका गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "अबे, याचं मुंडकं कुठं आहे?"

कवडूला काय सुचलं कोण जाणे. ठेला ढकलता ढकलता तो तितक्याच मोठ्यानं ओरडला, "भैय्याजीच्या खोलीत! कुलूप लावून ठेवलं!"

गच्ची अशी हसली की खालचे ढोलवाले मागं वळून बघायला लागले. पुढच्या चौकात लोकांनी आपणहून विचारलं, मुंडकं कुठं, आणि ठेल्यामागून चालणाऱ्या गल्लीच्या पोरींनी, बायांनी उत्तर दिलं, भैय्याजीच्या खोलीत. त्याच्या पुढच्या चौकात विचारणारेच उत्तरही द्यायला लागले. मोबाइल वर झाले. ज्यांना भैय्याजी कोण हे माहीत नव्हतं त्यांना बाजूचे लोक सांगत होते: नारळ, कुदळ, नाली. पंचफुला आधी बावरली. मग तिनं मान वर केली आणि स्वतः ओरडायला लागली. अंगात आल्यासारखी ओरडत होती बाई.

रस्त्याच्या कडेला, नेहमीच्या ओट्यावर, इंदूबाई बसल्या होत्या. भैय्याजींची आई. मारबत बघायला त्या दरवर्षी तिथंच बसतात. त्यांनी पोरींना विचारलं, कोणत्या भैय्याजीच्या खोलीत गं? पोरी ठेल्यामागं दडल्या. ठेल्यावरून मधुकररावांनीच सांगितलं, "तुमच्याच, मावशी."

आता जुन्या बायकांमध्ये एक गोष्ट पक्की आहे. बडग्याचा तुकडा घरात राहू द्यायचा नाही. तुकडा राहिला की वर्षभराची सगळी पीडा त्याच घरात मुक्काम करते. म्हणून तर आदल्या दिवशी बांबूच्या काड्यासुद्धा वेचून बाहेर टाकतात. इंदूबाईंनी छातीवर हात ठेवला. "अन् यानं मुंडकंच ठेवलं घरात? अक्कल गहाण टाकली का या पोरानं?" आणि त्या ऑटोत बसून निघून गेल्या.

जाळायच्या मैदानावर बडग्यांचे ढीग लागले होते. पंचफुलानं आपला बिनमुंडक्याचा बडग्या उतरवला, पण काडी लावायला तिचा हात होईना. अर्धा तर अर्धा, असं कवडू म्हणाला.  अर्धा जाळायला तिनं इतकी वर्षं काढली नव्हती. तेवढ्यात गर्दीतून इंदूबाई आल्या. दुसरी चावी त्यांच्या बटव्यातच असायची. मुंडकं पदराखाली झाकून आणलं होतं, उन्हात आल्यावर त्यांनी पदर बाजूला केला आणि मग त्या स्वतःच थबकल्या. खोलीच्या अंधारात त्यांनी ते नीट बघितलंच नव्हतं.

"हे तर माह्या पोराचं तोंड हाय वं."

"हो, मावशी."

"अगदी हुबेहूब." म्हातारीनं मसावरून बोट फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कशी जाळू मी हे? अन् परत बी कशी नेऊ?"

पंचफुलाला तिची दया आली, खरंच आली. पण तिनं हात मागं घेतला नाही. "मावशी, तुमचा पोरगा तुमच्यापाशीच राहते. जाऊन राहिलं ते त्याचं नारळ फोडणं अन् फोटो काढणं. जाऊ द्या ते."

इंदूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं मुंडकं बांबूवर बसवलं, सरळ केलं आणि मागं झाल्या. पंचफुलानं काडी ओढली. मेण लावलेलं होतं, भडका उडाला. भोवतालच्या माणसांनी बोटं दाखवली आणि नाव घेतलं. पाटी नव्हती. पंचफुला ते नाव ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं ते लग्नातही पसरलं नसेल, असं मधुकरराव अजून सांगतात.

भैय्याजी पोचले तेव्हा राख व्हायला आली होती. आई तिथंच उभी दिसली. गॉगल डोळ्यांवर ओढून ते पंचफुलाजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी तुमचा बडग्या या गल्लीतून निघणार नाही. लिहून ठेवा."

पंचफुलानं आधी राखेकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"भैय्याजी, यंदा कान काही जमले नाही मले," ती म्हणाली. "जरा गॉगल काढा बरं. उजेड आहे तोवर नीट पाहून घेतो."