नोराआजीच्या बापाचं टेबल

परदेशी राहणाऱ्या पोरीकडं गेलो होतो. तिच्या ओंगारच्या घरून मलिंगार गावाकडं निघालो तेव्हा पोरीनं गाडीतच दम भरला, "बाबा, तिथं नाटकं करायची नाहीत." शॉन, म्हणजे माझा होणारा जावई, गाडी चालवत होता. त्याची नोराआजी मला बघून मगच लग्नाला हो म्हणणार होती. मी साधा टेंपोवाला. मला बघायला आजवर कुणी आलं नव्हतं. बायकोसुद्धा न बघताच फसली.

गावाबाहेर धुक्यात एक बुटकं घर. हाच त्यांचा जुना पब. आता बंद आहे, आजी एकटीच राहते. आतला ओलसर वास आला आणि माझे पाय उंबऱ्यातच रुतले.

आजीनं हात धरून मागच्या खोलीत नेलं. खोली गारठलेली, मधे लांबलचक टेबल. ती बोलत होती, पोरगी मराठीत सांगत होती. आजीचे वडील पब चालवायचे आणि गावातली मढीही तेच पोचवायचे. पुढं गिऱ्हाईक पीत बसायचं, मागं या टेबलावर मढं. शेवटी त्यांनाही इथंच ठेवलं होतं.

"ग्रँड टेबल आहे," (ग्रँड म्हणजे झकास) असं म्हणत आजीनं त्याच्यावरच ताटं मांडली.

खालून कुणी पाय धरू नये म्हणून मांडी घालून खुर्चीत बसलो. मागचं दार करकरलं तसा शॉनचा हात गच्च धरला. त्या बिचाऱ्याला ती माया वाटली. त्यानं पण दाबला.

पोरगी डोळ्यांनी खुणावत होती, जेवा. शेवटी ताटाभोवती पाणी फिरवलं, बटाट्याचा एक घास टेबलाच्या कडेला ठेवला आणि डोळे मिटून पुटपुटलो, "आजोबा, पोटभर जेवा, पण उठू नका."

डोळे उघडले तर सगळे माझ्याकडंच बघत होते. हे काय केलं, आजीनं विचारलं. पोरीचा चेहरा उतरला. आता सोयरीक मोडलीच, असं वाटून मी खरं ते बोललो, "सांग त्यांना, मला भीती वाटली. म्हणून आधी त्यांच्या वडिलांना वाढलं."

पोरीनं सांगितलं. आजी उठली. प्रेसमधून (म्हणजे कपाटातून) बाटली काढली, छोटा ग्लास भरला आणि माझ्या घासाशेजारी ठेवला.

"माझे वडीलपण मढ्याला आधी ग्लास ठेवायचे," ती म्हणाली. "फार भित्रे होते."

मग तिनं शॉनच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि हो म्हणाली.

ओंगारला येऊन आंघोळीला बसलो, दार किलकिलं ठेवून. लोकांच्या पत्रिका जुळतात, आमची भीती जुळली. बाहेरून पोरगी म्हणाली, "बाबा, लग्नाचं जेवण त्याच पबात ठरलंय."

"एक पान जादा धरा," मी आतून म्हटलं. "आणि मला दाराजवळ बसवा."