भाजलेल्या मातीतला अडुळसा

गुजराती मुलखात, कोसाडला आमच्या घरामागची जमीन खारी. उन्हाळ्यात वर पांढरी पापडी धरायची, हातपंपाचं पाणीही तसलंच, त्यात डाळ शिजायची नाही. अशा जागी आम्हाला अडुळसा लावायचा होता, कारण आमच्या ह्यांना लूमवर कापड विणताना उडणाऱ्या रुईनं खोकला लागलेला. बाटलीतल्या औषधानं त्यांना डुलकी यायची, आणि चालू लूमपुढे डुलकी घेणं बरं नाही. म्हणून काढा.

माझ्या भावानं गावाकडून मातीच्या गोळ्यासकट रोप आणलं. पण इकडे प्लेगची साथ येऊन गेल्यापासून सासूबाईंचा नियम होता, बाहेरचं काही तसंच आत येणार नाही. त्यांनी गोळा फोडला, माती जुन्या तव्यावर चांगली खरपूस भाजली, मुळं घासून धुतली आणि मग रोप लावलं. पानांच्या कडा करपल्या आणि रोप गेलं. माती मात्र स्वच्छ होती.

दुसरं रोप आलं तेव्हा सासूबाई चलथाणला लेकीकडे होत्या. मी गोळा तसाच पुरला. भाजत कोण बसणार? ते रोप तगलं, वर फुटलंही.

शेजारी कॉलेजात वनस्पती शिकवणाऱ्या एक गुजराती बाई राहायच्या. त्या म्हणाल्या, "बेन, गावच्या मातीत एक बुरशी असते, डोळ्यांना दिसत नाही. ती मुळांत घर करते, लांबून पाणी आणि खत ओढून देते, खार पानांपर्यंत फार चढू देत नाही. झाड तिला साखर देतं. तव्यावर ती मरते."

नेमक्या त्याच वेळी सासूबाई पिशवी घेऊन दारात उभ्या.

"बुरशी? मना पोऱ्याले तू बुरशी पाजस?"

"आत्याबाई, ती मुळांत आहे. काढा पानांचा."

"लोणच्यावर येस ती काय मग?"

"ती वेगळी, बा," गुजराती बाई म्हणाल्या. "ही मदत करणारी."

"मदत करणारीनं सांगीसन यावं," म्हणून सासूबाई आत गेल्या.

काढा राहिलाच. पुढे खोकला वाढला. ह्यांना दोन वाक्यं सलग बोलता येईनात. लूमच्या शेटनं सांगितलं, असंच चाललं तर घरी बसा. त्या दिवशी सासूबाई स्वतःच मागे गेल्या, पानं तोडली, दोनदा धुतली, परत एकदा धुतली.

"मुळं धोयात का?" त्यांनी विचारलं.

"ती जमिनीत आहेत, आत्याबाई."

"मंग ऱ्हाऊ दे त्यासले," म्हणाल्या, आणि काढा उकळायला ठेवला.

ह्यांनी तो प्यायला, तोंड वाकडं केलं आणि कामाच्या पाळीला गेले. खोकला पुरता गेला नाही, लूम चालू असताना कसा जाणार? पण नोकरी राहिली.